झिनाइदाची शेळी

सात फोटो आले, सात नावं आली.
मजकूर आलाच नाही.
रशियनचे खांबेटे सर गालगुंडानं आडवे,
आणि उद्या रात्री साडेनऊला बॅले.
फणसळकर म्हणाले, "वैशंपायन, लिहून टाका काहीतरी.
नारायण पेठेतून कोण जातंय मॉस्कोला
खात्री करून घ्यायला?"
मी मुद्रितशोधक.
दुसऱ्यांच्या चुकांवर माझं घर चालतं.
त्या रात्री पहिल्यांदा
स्वतःच्या करायला बसलो.

लुदमिला.
बाप लोणच्याच्या कारखान्यात चव बघायला.
बरण्यांच्या फळीला हात पोचेना
म्हणून पोर अंगठ्यांवर उभी राहायला शिकली.
(हे मला इतकं पटलं
की मी स्वतःसाठी स्पेशल चहा मागवला.)

तमारा.
तीन लग्नं, तिन्ही एकाच माणसाशी.
दर वेळी तो तिला झेलायला विसरला.

वेरा आणि न्यूरा: जुळ्या.
फोटोत तशा दिसत नव्हत्या,
पण पानावर जागा कमी होती.

ओल्गा एकदा गिरकी घेताना थांबायचं विसरली.
व्यवस्थापकांनी मध्यंतर जाहीर केलं,
लोक बटाटे खाऊन परत आले,
ती चालूच.

गालिना, पंधरा वर्षं हंस.
वोल्गेत पडली तेव्हा कळलं, पोहता येत नाही.

तीन वाजले. ट्रेडल मशीनजवळ
सखाराम कागदाच्या रिमावर घोरत होता.
उरली झिनाइदा.
फोटो पुसट, कडेला कुणाचं तरी कोपर.
सुचेना.
तेवढ्यात मागच्या बोळात एक शेळी ओरडली.
लिहिलं:
काझानला मावशी, मावशीकडे शेळी, नाव मार्फा.
झिनाइदा नाचल्याशिवाय
ती दूध देत नसे.

पुस्तिकेला पन्नास पैसे पडले होते,
त्यामुळे लोकांनी दिवे जाण्याआधी
छापखान्याच्या पत्त्यासकट वाचून काढली.
"जुळ्या नाहीत हो या," मागून कुणी तरी.
मध्यंतरात एक गृहस्थ मला गाठून म्हणाले,
वोल्गेची खोली कुठल्या ठिकाणची
ते द्यायला हवं होतं.

मग मेकअपच्या खोलीत दुभाष्यानं
त्यांना ते सगळं वाचून दाखवलं.
दाराबाहेर मी, घामाघूम.
आत हसण्याचे गडगडाट.
मग एकदम शांतता, आणि निरोप:
तमाराबाई विचारतात,
तिसऱ्या वेळचं तुम्हाला कुणी सांगितलं?

शेवटी झिनाइदा बाहेर आली.
पिसांच्या झग्यावर कोट,
पायात पहारेकऱ्याच्या स्लिपरा,
अंगठ्यांना चिकटपट्ट्या.
ती हसत नव्हती.
बराच वेळ बोलली.
दुभाष्यानं एवढंच सांगितलं:
"विचारतात, शेळी कशी आहे?"

जन्मभर मी लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ पाहिले.
"बरी आहे," म्हणालो.
आणि तेवढ्यावर थांबवेना म्हणून,
"जरा थकलीय. पण खाते व्यवस्थित."
तिनं मान हलवली.
माझा हात हातात घेतला.
खिळे जुळवणाऱ्याचा असतो तसा
खरखरीत हात.

शेळी फार तर पंधरा वर्षं जगते,
हे नंतर कुठल्याशा प्रुफात वाचलं.
मार्फा यंदा एकेचाळीस.
फणसळकर गेले, ट्रेडल भंगारात गेलं,
मी तिला मारायचं धाडस केलेलं नाही.
दात नाहीत. पाला बारीक करून घालतो.
दूध मात्र देत नाही.