वाट्याला आलेलं पाणी

बावन्न घरं, एक मशीद, एक शाळा.
एवढ्यांचं सांडपाणी माझ्याकडे येतं
रुस्ताकच्या डोंगरामागे, वादीच्या काठावर,
जिथे नदी म्हणजे बहुतेक दिवस
नुसते गोटे, आणि गोट्यांखाली ओल.

मी गावात फारसा जात नाही.
गावच माझ्याकडे येतं.
शुक्रवारी दुपारी वुजूचं पाणी,
जवळपास स्वच्छ, एकदम लोंढ्यानं;
रमजानात पहाटे चारला खरकट्या भांड्यांचं;
ईदनंतर जाळीवर भात, वेलदोड्याची सालं,
मेंदीचा हिरवट चिखल.
कुणाकडे पाहुणे आले, कुणाकडे तूप सांडलं,
कळतं.
एकदा प्लास्टिकचं एवढंसं उंट अडकलं होतं.
धुऊन खिडकीत ठेवलंय.
अजून कुणी मागायला आलेलं नाही.

जोयनाल ब्लोअर बघतो, मी गाळ बघतो.
काचेच्या नळकांड्यात एक लिटर, अर्धा तास.
चहाची पूड बसावी तसा तो बसतो,
आणि वर जे उरतं
ते बघायला कुणी फिरकत नाही.

मग एक दिवस अरीफ मुसब्बह आला.
फलजच्या पाटाचे वाटे ठरवणारा म्हातारा.
कुणाच्या खजुरीला किती वेळ पाणी,
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर,
सगळं त्याच्या वहीत, पणजोबापासूनचं.
'फिश्राम,' म्हणाला
('व' त्याच्या जिभेला नाही),
'हे पाणी कुणाचं?'

म्हटलं, सगळ्यांचं.

'सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही.
वहीत काय लिहू?'

काचेतलं पाणी त्यानं हुंगलं. बोट बुडवलं नाही.

त्याला पाइपाच्या तोंडाशी नेलं.
पूर्वी तिथे फुफाटा होता.
आता गुडघाभर डोह, बोटाएवढे मासे,
आणि काठाला, कबूल करतो, माझं अळू.
सुट्टीवरून येताना मोज्यात लपवून आणलेली
एक अळकुडी.
आमच्याकडे मोरीचं पाणी परसात अळवालाच जातं.
आई काही त्याचा पगार घेत नव्हती.

'खातोस?'
'नाही. नियम आहे.'
'मग लावलंस कशाला?'

अरबीत उत्तर सापडलं नाही.
मराठीतही सापडलं असतं असं नाही.

म्हातारा उकिडवा बसला.
खजुरीचं एक पातं धारेत सोडलं,
ते पलीकडच्या दगडाला लागेतो ओठांत मोजलं,
वही काढली, लिहिलं,
आणि सलाम न करताच निघाला.
वाकून बघणाऱ्या जोयनालनं अक्षरं जुळवली होती:
मालकाच्या रकान्यात, 'वादी'.
त्याखाली काहीतरी खोडलेलं.

रात्री दोनला ब्लोअर बंद पडला.
हवा थांबली की जिवाणू गुदमरतात,
सकाळपर्यंत टाकी काळी पडते,
वास बावन्न घरांत परत जातो.
पट्टा बदलता बदलता चार वाजले.
जोयनाल तिथेच, पान्यावर डोकं टेकून झोपला.

हात धुवायला डोहाशी गेलो, टॉर्च मारला.
मोठ्या पानावर एक थेंब
बसला होता, कुठेही न चिकटता.
माझा व्हिसा मार्चपर्यंत आहे.

पान जरासं कललं.
थेंब घरंगळून खाली गेला.
तोही लिहायचा वादीच्या नावावर.