चुकलेले फ्लेक्स

जालन्यात, भोकरदन नाक्याच्या अलीकडे
इसाकभाईच्या दुकानात दिवसभर मी
लोकांची तोंडं उजळ करतो.
'भावी नगरसेवक'मधला काना राहिला
की भाई फ्लेक्सची गुंडाळी पुढं सरकवतो,
"ने रे खरात, तुझ्या त्या खोलीला."

खोली म्हणजे पत्रा.
पत्र्याला मायच्या जुन्या वाकळा,
वाकळांवर हे फ्लेक्स, तोंडं आतल्या बाजूला.
एकोणीस पुढारी हात जोडून उभे
आणि मधोमध मी, घामानं निथळत.
पंखा बंद,
पंखा गाण्यात येतो.

रात्री मिलची पाळी बदलते.
लोखंड वीस मिनिटं गप्प बसतं,
तेवढीच माझी.
पहिल्याच ओळीत श्वास तुटतो.
पुन्हा.
गल्लीतलं कुत्रं.
पुन्हा.
पलीकडं माय कूस बदलते, बाज करकरते.
पुन्हा म्हणेस्तोवर मिल सुरू.
उद्या.

भिंतीवरल्या एकाच्या वाढदिवसाचं गाणंही केलं मी.
लाज वाटली, बुधवारपर्यंत.
अकरा हजार ठरले, सात हातात आले,
उरलेले चार माझा फोन उचलत नाहीत.
माईक मात्र सातालाच होता.

"पुण्याला काऊन जात नाहीस?"
दोस्त विचारतात, टपरीवर, दर आठवड्याला.
मी चहाचे पैसे देतो.
माझ्या गाण्यात ज्या रस्त्याची धूळ आहे
तो मला पायानं पाठ आहे,
एवढं एकच भांडवल, तेही इथंच गुंतलेलं.

तीन महिन्यांनी खात्यात आले
सतरा रुपये साठ पैसे.
वहीत 'जमा' खाली लिहिले, तारीख टाकून.
माय म्हणली, "सतरा?"
मग तवा उतरवत,
"यायले ना पण."

एकशे बारा दिवस, रोज वीस मिनिटं.
चार रात्री तापात गेल्या, त्या धरल्या नाहीत.
सहा गाणी झाली. दोन बरी आहेत.
हे मी कुणाला विचारून सांगत नाही,
माझं मला कळतं.

काल घनसावंगीहून कुणा ऊसवाहतूकवाल्याचा मेसेज आला.
"रातच्या खेपेला तुमचं गाणं लावतो.
दुसऱ्या कडव्यानंतर ते करकर वाजतं,
कोणतं वाद्य हाय ते?"

दुकान उघडायची वेळ झाली होती,
तरी तीनदा वाचलं.
एकोणीस जण हात जोडून बघत होते.

रविवारी मायची बाज आवळायची होती.
आता राहू दे.