नववा चौकोन

किनवटच्या शाळेत दहावी 'ब'ला
आवर्तसारणीचा तक्ता आहे.
खालच्या दोन ओळी वाळवीनं खाल्ल्यात.

"फ्लोरिन. अणुअंक नऊ.
आत दोन, बाहेर सात.
एक कमी पडतो, म्हणून हावरा,"
मडावी बाई सांगत होत्या,
"दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतो."

शेवंताचा एक हात वर,
दुसरा नेहमीसारखा तोंडावर.
"बाई, आमच्या हापशात असतंय ते हेच का?"

"हेच. पण पाण्यात त्याचे आठ भरलेले असतात.
तिथं तो फ्लोराइड."

"पोट भरलंय तर मंग दातात कशाला शिरतंय?"

बाई खडू फिरवत राहिल्या.
मग हसल्या, ओठ न मिटता.
त्यांचे दात आम्ही पहिल्यांदाच पाहिले,
तपकिरी.

शेवंतानं वहीतल्या नवव्या चौकोनात
पेन्सिलीनं बारीक लिहिलं:
आखाड्यामागचा हापसा.