घाईतला माणूस

पुन्ता अरेनासच्या वाऱ्यानं आमच्या ऑफिसची काच
बारा महिने थरथरते.
तिच्याशेजारी भिंतीवर आम्ही एक माणूस चिकटवला होता,
कागदी.
एका हातात कॉफी, दुसऱ्यात फोन, पाय बसच्या पायरीवर.
खाली ठळक अक्षरांत:
हा घाईत असतो. हा वाचत नाही. हा खाली सरकत नाही.
चौथ्या क्लिकआधीच हा निघून जातो.

त्याच्यासाठी मी दवाखान्याची वेबसाइट सोलत गेले.
मोठ्या पडद्यावर सगळं राहू दिलं;
फोनवर तीन बटणं: पत्ता, वेळ, कॉल.
डायलिसिसच्या पानाचे अकरा परिच्छेद फोनवरून पुसताना
वाटलं,
कुणाचं तरी ओझं उतरवतेय.

मग चाचणीला एर्सिलिया बार्रिया आली.
खेकड्यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलेली.
मिठानं झिजलेला तिचा अंगठा
पडद्याला दर वेळी ओळखू येत नाही;
ती तो स्वेटरला पुसते
आणि पुन्हा टेकवते, न चिडता.

विचारलं, फोन कधी बघता? बसमध्ये?
"बसमध्ये मी समुद्र बघते.
फोन रात्री तीनला. नीबाल्दोचा डोळा लागला की.
पांघरुणात, उजेड त्याच्यावर पडू नये म्हणून.
घरात दुसरा पडदा आहे कुठे?"

तिनं दाखवलं मग, कसं शोधते ते.
दुसऱ्याच कुठल्या शहरातल्या इस्पितळाचं पान,
मुंग्यांएवढी अक्षरं.
दोन बोटांनी फाकवायची, एक ओळ उजवीकडे ओढत न्यायची,
परत डावीकडे यायचं, पुढची ओळ.
तळापर्यंत. तळटीपांसकट.
मी क्लिक मोजत होते: एकोणीस.
ती मोजत नव्हती.
"वाट बरोबर आहे हे कळत होतं ना," म्हणाली.

मध्येच आमचं पान आलं. ती थबकली.
"इथं येऊन गेलेय मी.
दार उघडं होतं, पण घरात कुणीच नव्हतं."

दानिलो म्हणाला, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही.
खरंय त्याचं.
मी विचारलं, तू कुठे वापरतोस रे फोन?
तो जरा लाजला.
"संडासात. पाऊण तास."

अकरा परिच्छेद मी त्याच संध्याकाळी परत ठेवले.
कागदी माणूस काढला नाही,
एक कोपरा सुटलाय, वारा आत आला की
तो अजूनही निघाल्यासारखा करतो.

काल सर्व्हरची नोंद चाळताना दिसलं:
रात्री तीन वाजून सतरा मिनिटं,
एक फोन,
नवव्या परिच्छेदावर थांबलेला. सहा मिनिटं.
ती असेल, नसेलही.
नववा परिच्छेद छोटाच आहे, चार ओळींचा:
घरच्या माणसाला सुईकडे बघवत नसेल
तर त्यानं कुठे बसावं, याबद्दल.