करंगळीचा ळ

डॉक्टर पागनीस म्हणाले, हातांचा वापर कमी करा.
मी म्हटलं, बरं.
दुसऱ्या दिवशी ठाकुरद्वारच्या प्रेसमध्ये
कुणाच्या तरी हीरक महोत्सवी स्मरणिकेची
चौसष्ट पानं लावायला बसले.

खरं तर वापर मी आधीच कमी केला होता.
जोडाक्षर दिसलं की मनगट मागे सरायचं.
‘स्वातंत्र्य’ला अकरा वेळा बोट आपटतं, मोजलंय मी.
एका पत्रिकेतलं ‘सुस्वागतम्’ काढून
नुसतं ‘या’ टाकलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.
‘स्नेहभोजन’चं ‘जेवण’ केलं
तेव्हा मात्र वधूच्या काकांचा फोन आला.

आणि ळ.
ळला शिफ्ट लागते, शिफ्टला डावी करंगळी,
म्हणजे करंगळी दुखते एवढं लिहायलाही
करंगळीच पुढे करावी लागते.
बावीस वर्षं कमळ, बाळ, मंगळसूत्र,
सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी
सगळ्यांची लग्नं तिनेच लावली.

लॅमिंग्टन रोडला, पहिल्या मजल्यावर
मुर्तझाचं दुकान. जिन्याला कठडा नाही, दोर आहे,
दोर धरवत नव्हता, भिंतीला खांदा लावत चढले.
त्याने कासारासारखा आधी माझा हात पाहिला,
कुठल्या सांध्यावरून काय चढेल, काय नाही.
मग एक लाकडी पट्टी काढली, तिच्यात नऊ सुटी बटणं.
निळं दाबलं तर दर वेळी टाळी मागतं.
तपकिरीच्या वाटेत एक बारीक खडा,
भातात लागतो तसा.
लाल सरळ खाली, तुपात बोट.
आणि एक पांढरं, पस्तीस ग्रॅमचं.

पस्तीस ग्रॅम म्हणजे किती रे?
‘एक मावा केक, मॅडम. खालचा कागद धरून.’
‘आणि माझ्या आत्ताच्या कीबोर्डला?’
‘साठ तरी. दिवसाला किती मारता?’
वीस हजार, म्हटलं, सीझन असला की.
त्याने मोबाइलवर गुणाकार केला,
पुन्हा केला,
आणि मोबाइल माझ्याकडे वळवला: बाराशे किलो.
पांढऱ्यावर सातशे.
मी आकड्याकडे पाहत राहिले.
रोज अख्खा टेम्पो खाली करत होते
आणि संध्याकाळी घरी म्हणत होते,
बसूनच तर असते मी.

‘काहीतरी टाइप करून बघा.’
त्याच्या कॉम्प्युटरला मराठी नव्हतं,
बोटांना दुसरं काही येत नव्हतं.
पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा सांडला.
तो अदबीने तोंड फिरवून म्हणाला,
‘पासवर्ड आहे का?’
नाही रे. करंगळी आहे.

पांढरा घेतला. महाग पडला, किती ते घरी सांगितलं नाही.
कीबोर्ड उंच, म्हणून मनगटाखाली
जुन्या परकराची गुंडाळी, आत मूठभर मोहरी.

आता गंमत अशी, की हा फारच ऐकतो.
बोटं नुसती टेकवून विचार करायला थांबले
तर ततततत उमटत जातं.
बावीस वर्षं मारल्याशिवाय काही उठत नव्हतं,
आता हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही,
पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी
मी ते मांडीवर घेऊन बसते
आणि मजकूर सुचला, वाचला, की उचलते.

दुखणं गेलेलं नाही.
करंगळीतून थोडं अंगठ्याकडे सरकलंय,
ते स्पेसबारचं, मुर्तझा म्हणतो, त्याची स्प्रिंग बदलून देईन.
सात दिवसांत परत घेतो असंही म्हणालाय,
खोका तेवढा फाडू नका.

आज नववा दिवस.
खोका कपाटावर आहे, न फाडलेला.
समोर एका बारशाचा मजकूर.
‘जेवण’ लिहिलं होतं त्यांनी, साधंच.
मी ‘स्नेहभोजन’ केलं.