पहिली चाहूल

सूस रोडच्या आमच्या सोसायटीत
बोअरची गाडी लागली रात्री साडेदहाला.
इंगवलेकाकांच्या तळहातावर नारळ उभा राहिला
ती जागा नेमकी माझ्या खिडकीखाली.

मी पडद्यावर दुसरी विहीर उघडून बसलेली,
तीन हजार दोनशे मीटर, परक्या समुद्राच्या तळाखाली.
तिच्यात एका दोरावर ऐंशी कान सोडलेले,
प्रत्येकाने भिंतीला कोपर रोवलेलं,
आणि वर जहाजावरून कुणीतरी
थांबून थांबून हवेचा बार काढतंय.

त्या विहिरीशेजारी मीठ आहे.
बरणीतलं नव्हे. डोंगराएवढं,
लाखो वर्षं मळल्या जाणाऱ्या कणकेसारखं
थरांना खांद्याने सारत वर चढलेलं.
वरून ऐकलं तर त्याचा माथा तेवढा कळतो.
कुशीकडे गेलेला आवाज वाकून भलतीकडेच निघतो.
म्हणून कान खाली न्यायचे, त्याच्या बगलेशी,
आणि बाजूने ऐकायचं.

माझं काम साधं. ऐंशी रेघा,
प्रत्येकीवर थरथर जिथे पहिल्यांदा उठते
तिथे लाल ठिपका.
मशीन लावतं आपणहून, आणि चुकतं.
सतराव्या रेघेवर त्याने गोंगाटालाच चाहूल मानलं.
(मीही मानलं आहे एकदा. तो विषय वेगळा.)

खाली सेल्वमचा हातोडा काळ्या कातळात.
दगडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने पळतो,
म्हणजे आधी तळव्यांना कळायला हवं, मग कानांना.
मी चपला काढून ठेवल्या.
मधला वेळ इतका थोडा की माणसाला कळणारच नाही,
तरी दीडपर्यंत मला तो कळत राहिला.

एकेचाळिसाव्या रेघेपासून ठिपके
जरा लवकर येऊ लागले.
मिठातून येणारा आवाज घाईत असतो.
म्हणजे कड इथे होती,
आम्ही तीन महिने मानत होतो
त्याच्या नव्वद मीटर अलीकडे.
आनंदाने ओरडावं तर घरात कुणी नाही,
आणि खाली तो हातोडा.

पहाटे चारशे दहा फुटांवर पाणी लागलं.
राखाडी धुळीने माखलेल्या सेल्वमने
बाटलीच्या झाकणातून चाखून पाहिलं.
"उप्पु," म्हणाला, आणि झाकण माझ्यापुढे धरलं.
मचूळ. जिभेच्या कडांना आधी कळलं.
"झाडांना चालेल," इंगवलेकाका म्हणाले.

चालणार नाही, हे मला माहीत होतं.
वर आले,
सतरावी रेघ पुन्हा एकदा तपासली.