तीस अ‍ॅम्पिअर

टेबलावर नकाशा, नकाशावर त्याचा चष्मा,
आणि भिंगाखाली फुगून बसलेलं
नदीकाठचं एक हिरवं टिंब.
"इथे," व्हर्लिन म्हणतो. "पार्कच्या आत. पाण्याला लागून."
मग थांबतो. नळीतून श्वास घेतो.
आणि उरलेलं वाक्य: "रात्रीचे अठ्ठावीसच."

मी फोन लावते.
पलीकडची मुलगी गोड आहे, गाडीची लांबी विचारते.
एकतीस फूट, मी सांगते, मागची शिडी सोडून.
सत्तावीसच्या वर वळण बसत नाही म्हणते,
गेल्या जुलैत एकजण झाडाला घासून गेला,
खोडातून अजून डिंक येतोय.
शिवाय वीज नाही. जनरेटर आठपर्यंत.
आठनंतर फक्त नदी.

"आठनंतर फक्त नदी," मी त्याला सांगते.
तो हसतो. त्याला तेवढंच तर हवंय.
खुर्चीमागे यंत्र गुरगुरतं,
हवा गाळतं, मापात घालून देतं,
रात्री, पहाटे, मी कूस बदलते तेव्हाही.
त्याला नदी कळत नाही. प्लग कळतो.

महामार्गावरच्या त्या दुसऱ्या जागेत सगळं आहे.
पन्नास अ‍ॅम्पिअर, पॅनकेक, दारात फायबरचं अस्वल,
आणि खिडकीला खिडकी अशी लागून
की शेजाऱ्याची शिंक आपल्या कॉफीत पडावी.
एकशे चौदा डॉलर.
आम्ही बिलिंग्जच्या बीट-साखरेच्या कारखान्यात
एकतीस हंगाम पोती मोजलेली माणसं.
एकशे चौदाला किती पोती, हे व्हर्लिन
मनातल्या मनात करतो, आणि नकाशाची घडी घालतो.

लिओनाचा नंबर पेट्रोल पंपावरच्या पोराने दिला,
पावतीच्या पाठीवर.
ब्लॅकफीट लोकांच्या जमिनीवर तिचं कुरण,
कुरणात आठ खांब, आंघोळीला पाव डॉलरची नाणी.
"बघायला काय आहे?" मी विचारलं.
"कुंपण. माझी घोडी. भावाचं भंगार."
"आणि डोंगर?"
"डोंगर कुठे जातात?
पार्कचं फाटक त्यांना नंतर लावलं."
मग जरा थांबून,
"गाडीचं तोंड पश्चिमेला ठेवा.
आडवी लावाल तर वारा उलथवेल,
इथे रेल्वेचे डबे झोपवलेत त्याने."

म्हटलं, पदरात पडेल ते पवित्र.
मनात मात्र तिला भंगारवालीच म्हणत होते
साडेतीनशे मैल.

तीन नंबरच्या खांबावर दुपारी यंत्र किंचाळलं.
सगळ्यांचे एसी एकदम सुरू, वीज पातळ झालेली.
लिओना आली, काही विचारलं नाही,
नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
भावाच्या वेल्डिंगच्या शेडमधून
मनगटाएवढी केबल ओढत आणली.
"ही पडत नाही," म्हणाली.
"आज तो काही जोडणार नाही."
पैसे पुढे केले तर घोडीला हाक मारायला लागली.

डाव्या हाताला ट्रॅक्टरच्या बरगड्या,
उजवीकडे फुटलेले सिंक, एक बाथटब, त्यात गवत.
पडदे मी ओढलेच होते सगळे.
पुढच्या काचेचा राहिला होता.

नळी पंधरा फुटांची.
खाटेपासून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत, मोजलीत तर, साडेचौदा.
तो तिथे जाऊन बसला, दोन वर्षांनी,
आणि काचेत, वारा जिथून येत होता तिथे,
डोंगर. अख्खे. खांद्यावर जुना बर्फ घेऊन.

मी सूप गरम केलं, त्याने घेतलं नाही.
उजेड इथे साडेनऊपर्यंत हटत नाही.
आठ वाजले तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं.
"आता तिकडे फक्त नदी," म्हणाला,
एका दमात.

मग वाऱ्याचा झोत आला, सगळं घर हललं,
कपाटात कप वाजले,
आणि व्हर्लिनने सवयीनं
ब्रेकवर पाय ठेवला.